नानांनी ओढलेली वायर

माझे वडील, नाना, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं पॅनेलच्या वायरिंगला होते. त्यांनी बांधलेलं पॅनेल उघडलं की साहेब लोक आधी दोन मिनिटं नुसते बघत राहायचे, असं ते स्वतःच सांगायचे, आणि इतक्यांदा सांगायचे की तेवढ्यात आई उठून कुकर लावून यायची. २००५ च्या जूनमध्ये ते रिटायर झाले. जुलैत त्यांनी घरातले सगळे स्क्रू मापाप्रमाणे बरण्यांत भरले, ऑगस्टमध्ये सगळे पुन्हा बाहेर काढले. त्या माणसाच्या हाताला काम नसलं की घरात कुणालाच सुख नसतं.

मी घरी बसून लग्नाचे अल्बम डिझाइन करायचे. माझा कॉम्प्युटर वरच्या खोलीत, आणि डीव्हीडी रायटर असलेला जुना कॉम्प्युटर खाली हॉलमध्ये. रायटर उचलून वर लाव की, असं कुणीही म्हणेल. पण डीव्हीडी लिहिणं आणि त्यावर सुबक अक्षरात नवरानवरीची नावं घालणं हे मी नानांना नेमून दिलेलं काम होतं. ते काढून घ्यायची माझी छाती नव्हती. म्हणून दोन्ही कॉम्प्युटर जोडायचे ठरले. मध्ये बसवायचा स्विच, म्हणजे जोडणीची डबी, मी आणला, वायर नानांनी ओढली. जिन्याच्या कडेने, खिडकीच्या चौकटीखालून, वीत-वीत अंतरावर क्लिपा ठोकून. दोन्ही टोकांना पारदर्शक कनेक्टर त्यांनीच दाबून बसवले. तपासायचं यंत्र लावलं तर एक ते आठ हिरवे दिवे ओळीने लागले. नाना आईला हाक मारून म्हणाले, "लंके, बघ जरा." आईने बघितलं आणि भाजी करपते म्हणून आत गेली.

आईच्या मावसभावाचं, गोटीरामशेठचं, पिंपळगाव बसवंतला द्राक्षांचं पॅकहाउस. दिवाळीला ते फराळाला आले आणि जिन्यातच थांबले. "नाना, हंगाम सुरू व्हायच्या आत माझ्या हापिसात बारा कॉम्प्युटर बसवायचेत. वायर तुम्हीच ओढा. अशीच पायजे." दुसऱ्या दिवसापासून नाना पुन्हा साडेपाचला उठून दाढी करायला लागले. काम डिसेंबरातल्या एका सोमवारी सुरू व्हायचं होतं.

आता अडचण अशी, की ती 'अशीच पायजे' वायर भयंकर हळू चालत होती.

सातशे एमबीचा अल्बम वरून खाली यायला चाळीस मिनिटं लागायची. हिशोबाने दीड-दोन मिनिटांत यायला हवा. स्क्रीनवरचा आकडा सांगायचा बारा मिनिटं, मग एकोणीस, मग तेहतीस. नानांना विचारलं तर म्हणाले, "तुझ्या फायलीच लय जाड. त्यात वायर काय करंल? दिवे लागत्यात ना आठच्या आठ?" लागत होते. मी दहा वेळा तपासलं होतं.

असल्या गोष्टींचा उलगडा होईपर्यंत मला जेवण गोड लागत नाही. आधी अँटीव्हायरस बंद केला. मग खालच्या कॉम्प्युटरचं नेटवर्क कार्ड बदललं, मग वरच्याचं. स्विच गरम होतो असं वाटून त्याच्यावर टेबलफॅन लावला, तोवर लोडशेडिंग झालं. वीज केंद्रवाल्याच्या घरी सहा-सहा तास अंधार, यावर आईचं एक ठरलेलं वाक्य होतं, तेही ऐकून घेतलं.

मग एक विचित्र गोष्ट झाली. कार्डाच्या सेटिंगमध्ये दोन वेग असतात, शंभराचा आणि दहाचा. वैतागून मी मुद्दाम दहाचा लावला, म्हणजे सरळसरळ दसपट हळू. आणि तोच अल्बम बारा मिनिटांत खाली आला! पुन्हा शंभर केलं, पुन्हा चाळीस मिनिटं. पुन्हा दहा, पुन्हा बारा. मी चार वेळा करून पाहिलं, कारण माझा माझ्यावरच विश्वास बसेना. पळायला सांगितलं की अडखळतं आणि चालायला सांगितलं की लवकर पोचतं, असं हे काय आहे?

पळताना अडखळतो तो रस्त्यामुळे. एवढं सुचल्यावर मी वरचा कॉम्प्युटर उचलून हॉलमध्ये आणला आणि स्विचबरोबर दुकानदाराने दिलेली तयार वायर लावली, दोनच हातांची. अल्बम ऐंशी सेकंदांत आला. म्हणजे दोष नानांच्या वायरीत होता. हे मला पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं. पण घरातल्या देवावर संशय कोण घेतं?

मी दोन्ही वायरींची टोकं शेजारी धरली. आत आठ बारीक तारा असतात, चार रंगांच्या चार जोड्या, प्रत्येक जोडी एकमेकींभोवती पिळलेली. नानांच्या टोकात नारिंगी जोडी, तिच्याशेजारी हिरवी, मग निळी, मग तपकिरी. बघत राहावं असं काम. आणि दुकानातल्या टोकात? हिरव्या जोडीतली एक तार तिसरी, दुसरी थेट सहावी, आणि मध्ये निळी जोडी घुसलेली. मला आधी वाटलं, कारखान्यातच चूक झाली. दुसरी तयार वायर पाहिली, तीही तशीच.

माळ्यावरून माझ्या कॉम्प्युटर कोर्सची जुनी वही काढली तेव्हा उलगडा झाला. कॉम्प्युटर तिसऱ्या आणि सहाव्या जागेवरून एकाच जोडीने बोलतो. त्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असल्या, तरच बाहेरचा विजेचा गोंगाट दोघींवर सारखा पडतो आणि निघून जातो. नानांनी जोड्या शेजारी-शेजारी बसवल्या, त्यामुळे तिसऱ्या जागी हिरव्यातली आली आणि सहाव्या जागी निळ्यातली. बोलणं दोन वेगळ्या जोड्यांत फाटलं. हळू बोललं तर निभतं, भरभर बोललं की सगळी गडबड. आणि दिवे लागणारच! पहिल्या जागेची तार पलीकडे पहिल्या जागी पोचते का, एवढंच ते यंत्र बघतं. चौतीस वर्षं पॅनेलमध्ये तेवढंच बघायचं होतं, तार पोचली की काम झालं. दुसऱ्या कुणाकडून ही चूक झालीच नसती. इतकं नीट काम करणाऱ्याचीच ती चूक होती.

मला इतका आनंद झाला की जिन्यातच उभी राहून हसले. आणि मग सोमवार आठवला.

त्यांना कसं सांगायचं? साडेपाचला उठून दाढी करणाऱ्या माणसाला? गुरुवारी नाना पेन्शनच्या कागदांसाठी बाहेर गेले, तेव्हा मी त्यांचीच पक्कड घेतली, दोन्ही टोकं कापली आणि नव्या क्रमाने बसवली. वीस मिनिटांचं काम. वेळ बघून सांगू, असं ठरवलं. स्वतःची समजूत घालण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

संध्याकाळी नाना डीव्हीडी लिहायला बसले. अल्बम दीड मिनिटात आला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"सायले! पळाली की गं!"

"हो ना," मी म्हणाले.

"म्हणलं नव्हतं? नवी वायर बसायला येळ लागतो." त्यांचा चेहरा इतका फुलला होता की मी तोंड मिटून घेतलं. उद्या सांगू.

दुसऱ्या दिवशी मी उठले तर नाना घरात नव्हते. "पिंपळगावला गेले," आई म्हणाली. "रातच्यालाच गोटीरामला फोन केला. म्हणले, घरची वायर एकदम पास हे, सोमवारची वाट कशाला बघायची."

करायला गेले काय आणि झालं काय! मी केसांना कंगवाही न लावता एसटी गाठली. ओझरपर्यंत उभ्याने गेले आणि पूर्ण वेळ स्वतःला शिव्या घातल्या.

पॅकहाउसमध्ये फरशा धुण्याचं काम चाललं होतं. ऑफिसात नाना शिडीच्या घोड्यावर उभे होते आणि खाली गोटीरामशेठ यंत्र हातात धरून दिवे बघत होते. सात वायरींची टोकं झाली होती. नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी.

"तू इथं कशी?" नाना म्हणाले. "घरी बरं हे ना?"

"जरा बाहेर या, बोलायचंय."

"इथंच बोल. गोटीराम काय परका हे का?"

मग मी सगळं सांगितलं. तिसरी, सहावी, पिळलेली जोडी. नाना घोड्यावरून एक-एक पायरी उतरले.

"घरची कवा बदलली?"

"काल. तुम्ही पेन्शनला गेलात तेव्हा."

"मंजे काल पळाली ती माझी नव्हती."

गोटीरामशेठ अवघडून म्हणाले, "जाऊ द्या नाना, दिवे तर लागत्यात."

"दिवे लागून काय करता? चूक हे ती चूकच. सातही कापतो." मग ते माझ्याकडे वळले. "चुकलो, त्याचं मला काय नाय, सायली. प्लँटात लय येळा चुकलो. पण तिथं माझी चूक दिसली तर पोरं तोंडावर सांगायची, आन् मी त्यांची काढायचो. तू सांगितलं नाय. तू मला म्हातारा धरलंस."

मी तिथेच रडले. फरशा धुणाऱ्या बायका दारातून बघत होत्या, बघू देत. नानांचा मान राखते आहे असं समजून मी त्यांना कामातून उठवलंच होतं.

नानांनी मला रडू दिलं. मग जमिनीवर बसले, पहिलं टोक कापलं आणि म्हणाले, "ती हिरवीची सोबतीण एवढ्या लांब का बसवली, ते परत सांग. सावकाश." मी सांगितलं. मध्ये निळी का, असं त्यांनी विचारलं. ते मला ठाऊक नव्हतं, तसं मी सांगितलं. "मग शोधून काढ," ते म्हणाले, "मलाबी कळू दे." पहिली सहा टोकं मी बसवली आणि ते नुसते बघत होते.

सातवं त्यांनी घेतलं. तारा सरळ केल्या, टोकं एका रेषेत कापली, कनेक्टरमध्ये सारली आणि पक्कड लावली. मी पाहिलं, शेवटच्या दोन तपकिरी उलट्या बसल्या होत्या. चुकून की मुद्दाम, मला आजही माहीत नाही. गोटीरामशेठ बाजूलाच उभे होते.

"नाना, थांबा," मी म्हणाले. "चुकलंय. तपकिरी उलट्या गेल्यात."

त्यांनी पक्कड खाली ठेवली आणि टोक उजेडात धरून पाहिलं.

"हां," ते म्हणाले. "हे असं सांगायचं."