बनूबाईंच्या खांद्याचा पिवळा पट्टा

मी एक पिवळा रबरी पट्टा. लोक मला ओढतात, मी त्यांच्या दुखऱ्या सांध्यांना ताकद देतो. स्वभावाने मात्र मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो.

त्याला कारण आहे. माझा जन्म अंबरनाथच्या एका कारखान्यातला. पाकिटावर छापलं, 'कधीच तुटणार नाही'. उल्हासनगरच्या दुकानात मला टांगलं, तर दुकानदार गिऱ्हाइकाला सांगतोय, "इम्पोर्टेड माल है, ले जाओ!" मी ऐकतच राहिलो. तेव्हापासून माणसाच्या शब्दावर माझा भरवसा नाही.

कात्रपला शलाका मॅडमचं व्यायाम केंद्र आहे. दुखापतीतून उठणाऱ्यांना कुठला व्यायाम, किती आणि कधी, हे त्या आखून देतात. त्यांनी मला विकत घेतलं आणि बेलवलीच्या बनूबाईंच्या हाती दिलं. बनूबाई मोरीत घसरल्या होत्या आणि उजवा खांदा कामातून गेला होता.

घरी त्या मला खिडकीच्या गजाला बांधायच्या. कोपर कमरेशी धरून हात बाहेर न्यायचा, एवढंच. पण अर्ध्यातच हात अडायचा आणि त्या पदर दातांत धरायच्या. मॅडमकडे गेलं की मात्र कमाल! मला सरळ ओढायच्या, वर हसायच्या.

"दुखतंय का काकू?"

"नाय गो पोरी, मना काय दुखत नाय."

मला दाट संशय आला. मॅडमकडे निघण्याआधी चहाबरोबर त्या पदराच्या गाठीतून काय काढून गिळतात? आणि सून नूतन रोज दार लोटून सासूचा अंबाडा का घालते? सासू स्वयंपाकघरापासून लांब राहावी म्हणून लाडीगोडी लावत असणार, असं मी ठरवूनच टाकलं.

एके दिवशी मॅडमनी माझ्या जागी लाल पट्टा काढला. तो माझ्याहून कडक. दुखत नसेल तर पुढची पायरी, हा त्यांचा हिशेब. माझा जीव खालीवर झाला. त्या खांद्याला तो झेपणार नाही, हे मला ठाऊक होतं, पण मला तोंड कुठे आहे?

"आता हात वर न्यायचे व्यायामही घेऊ," मॅडम म्हणाल्या. "काकू, अंबाडा सोडून परत बांधा बघू."

बनूबाईंनी अंबाडा सोडला डाव्या हाताने. उजवा हात कानापाशी अडकला. डोळ्यांत पाणी आलं.

"रोज मीच बांधते मॅडम," बरोबर आलेली नूतन खाली मान घालून म्हणाली. "कोणाला सांगू नको म्हणून आईंनी शप्पथ घातलेली."

म्हणजे सुनेवरचा माझा संशय फुकट गेला. मग पदराची गाठ सुटली. दुखणं मारायच्या गोळ्या!

"गोळी खाऊन आलात तर मला तुमचा खांदा कळत नाही, नुसती गोळी कळते," मॅडम चिडल्याच.

"मंग माजे रिद्धीचे हलदीला पयली भाकर कोन थापील?" बनूबाई रडायलाच लागल्या. नातीच्या हळदीची पहिली भाकरी आजीने थापायची, ही त्या घरची रीत; दुखतंय म्हटलं तर कोणी थापू देणार नाही, ही त्यांची भीती.

मग लाल पट्टा कपाटात गेला आणि मी परत आलो. आखणी नव्याने झाली. काथवट, म्हणजे भाकरी थापायची लाकडी परात, खाली; कोपर अंगाला चिकटलेलं, आणि तांदळाच्या पिठाचा लहान गोळा. एक अट होती, दुखलं की बोलायचं.

हळदीच्या दिवशी मी गजावरून मांडवात बसलेल्या बनूबाईंच्या पदरावरच डोळा ठेवून होतो. गाठ नव्हती. तरी खात्री कुठे? गोळी आधीच घेतली असेल!

बनूबाईंनी पहिली भाकरी थापली. जरा वाकडी झाली. दुसरा गोळा घेतला आणि भरल्या मांडवात त्या ओरडल्या, "आई गं! दुखला गो!"

नूतनने हसत काथवट आपल्याकडे ओढली.

आता माझ्या अंगावर भेगा पडल्यात. 'कधीच तुटणार नाही' हे खोटंच होतं. माझ्यानंतर जो पट्टा तुमच्या हाती येईल, त्याला ओढताना दुखलं तर दुखतंय म्हणा. बनूबाई तसं ओरडल्या, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला.