ओढवून घेतलेला ताप

"शी! जहाजाच्या रंगात घालायचं थिनर यापेक्षा गोड असेल," होल्गर तोंड वाकडं करत म्हणाला.

"चाखून बघितलंय वाटतं?" नर्स सिग्नेनं रिकामा पेला घेतला.

"चाळीस वर्षं गोदीत जहाजं रंगवली, पोरी. न चाखताच पोटात गेलंय."

सिग्ने हसली आणि तिनं सुई टोचली. सुईत मेलेल्या जंतूंचा अंश होता. तासाभरात ताप चढणार होता. आर्हुस शहरातल्या इस्पितळातला हा प्रयोग. मोठ्या तापात शरीर आपलेच स्नायू मोडून खातं. उपासात यकृत जे इंधन तयार करतं, ते बाहेरून पाजलं तर ही मोडतोड थांबते का, एवढंच डॉक्टरांना बघायचं होतं. "त्रेसष्टाव्या वर्षी हे विकतचं दुखणं कशाला?" असं मेहुणीनं विचारलं, तेव्हा होल्गर बूट चढवून निघाला होता.

हुडहुडी भरली. दात वाजू लागले. सिग्नेनं त्याच्या मांडीत बसवलेल्या नळीतून रक्त घेतलं आणि पांघरूण वर ओढलं.

"नको वाटलं तर सांगा हं. इथेच थांबवू."

"इंगरला कुणी विचारलं नव्हतं," तो कुडकुडत म्हणाला.

इंगर त्याची बायको. तिच्या रक्तात जंतू भिनले होते. तेवीस दिवस ती अतिदक्षता विभागात होती. जंतू हरले, डॉक्टरांनी अभिनंदनही केलं. पण घरी आली ती नुसती हाडं.

"कॉफीचा कप उचलवेना तिला. दोन्ही हातांनी धरायची, तरी सांडायची. मी पुसायला गेलो की चिडायची. म्हणायची, राहू दे, वाळेल."

आठ आठवड्यांनी साध्या सर्दीचं निमित्त झालं आणि ती गेली.

सिग्नेनं त्याच्या कपाळावरचा घाम टिपला.

संध्याकाळी ताप उतरला.

"आज खरं औषध होतं, की नुसतंच कडू पाणी?"

"मलाही माहीत नाही. दोन्ही सारखीच कडू केलीत. दोन वर्षांनी कळेल."

"म्हणजे फुकटच प्यालो असेन."

"असेल."

त्यानं पांघरूण बाजूला सारलं. "पुढची तारीख लिही."

पाय खाली सोडून त्यानं बूट ओढले. नाडीची गाठ बसेना. सिग्ने पुढे झाली, मग थांबली. त्याचा कोट हातावर घेऊन ती दाराशी उभी राहिली. होल्गरनं पहिली गाठ कशीबशी मारली आणि दुसऱ्या बुटाची नाडी हाती घेतली.