शेवंतीचा देठ

बायको वर्षभर एकच चित्र रंगवत होती आणि नवऱ्याने त्याकडे एकदाही धड पाहिलं नव्हतं. काचेच्या बरणीत फुलं. उन्हाळ्यात मोगरा आला तेव्हा मोगरा रंगवला, पावसाळ्यात लिली, थंडीत शेवंती. फूल समोर ठेवूनच काढायचं, आठवणीतून नाही, असा तिचा नेम. नवऱ्याकडे काम एकच: रोज बरणीतलं पाणी बदलायचं आणि देठाचं सडकं टोक कात्रीने उडवायचं. चित्राचा विषय निघाला की म्हणायचा, "खरी फुलं घरात असताना रंगवलेली कशाला बघू?"

शेवंती निम्मी रंगवून झाली आणि बायकोची नजर गेली. महिनोन्‌महिने मंदावत होती, ती पुरतीच विझली. उरलेल्या पाकळ्या तिने ओला रंग बोटाने चाचपत भरल्या. उद्या मुलगी चित्र चौकटीसाठी न्यायला येणार होती; पण खाली नाव घालायला बायको तयार नव्हती.

"आधी सांगा, पुरं झालंय का?"

"छान झालंय."

"छान तर तुमचा नवा सदराही आहे. नीट बघून सांगा. मला आता तुमच्याशिवाय डोळे नाहीत हो."

त्याने खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि देवापुढे बसावं तसा बसला.

आधी नुसते रंग दिसले. मग हळूहळू फुलं पुढे आली. मोगरा पांढरा म्हणावा तर पांढरा नाही. कडेला निळसर, पोटाशी साय धरल्यासारखा. लिलीची एक पाकळी कडेने करपलेली.

"अगं, ही तर मी फेकायला निघालो होतो. केवढी ओरडली होतीस!"

"ओरडू नाही तर काय? कोमेजली म्हणून ती फूल राहत नाही का?"

इतके दिवस या बाईच्या शेजारी बसून आपण काय पाहिलं, असं त्याला वाटून गेलं. नजर खाली सरकली आणि अडली.

"का थांबलात?"

गिळून टाकता आलं असतं. तिला कधीच कळलं नसतं.

"शेवंतीचा देठ पाण्यापर्यंत पोचत नाहीये," तो म्हणाला. "दोन बोटं वरच राहिलाय. पाणी तू उन्हाळ्यात काढलंस, अर्धी बरणी. शेवंतीला महिना लागला, मी रोज देठ छाटत गेलो, आणि तू देठ काढलास तेव्हा तो आखूड झाला होता. बरणीत पाणी वाढवलं मी. चित्रात कोण वाढवणार? माझ्याच कात्रीने घात केला."

तिने चित्राच्या दिशेने हात पुढे केला.

"म्हणजे बिचारी तहानलेलीच गेली असती उद्या," ती म्हणाली. "ब्रश द्या. हिरव्यात थोडा तपकिरी कालवा."

त्याने तिचं मनगट धरलं, ब्रशचं टोक देठाच्या शेवटाला टेकवलं.

"खाली. आणखी. अगं, डावीकडे नको... हं, आलं पाणी."

"पोचला?"

"पोचला. जरा वाकडा."

"असू दे. तहानलेलं माणूस काय सरळ रेषेत धावतं?"

मग तिने कोपऱ्यात नाव घातलं, एका अक्षरावर दुसरं चढलेलं. हात पुसून खुर्चीत मागे टेकली.

"या पाण्यात खिडकी दिसतेय," तो एकदम म्हणाला. "तू काढलीस?"

"मग कोणी? आणखी काय आहे?"

"थांब," तो पुढे वाकला. "अजून बघतोय."