डाळिंबाच्या गावचं पाणी

तोंडावर आट्यांचं झाकण असलेला मी एक जुना पितळी तांब्या आहे, मित्रांनो. मला फिरकीचा तांब्या म्हणतात. झाकण गरगर फिरवून घट्ट लावलं की मला आडवा निजवा, उलटा धरा, थेंब सांडायचा नाही. पोटावर तांबटाच्या हातोडीचे ठोके आहेत, माशाच्या खवल्यांसारखे. आयर्लंडमधल्या नावन गावी, एका स्वयंपाकघराच्या खिडकीत मी बसून असतो. बाहेर पाऊस असतो. इथला पाऊस कोसळत नाही, नुसता ओघळत राहतो. कुणाचं तरी रडणं आवरत नसावं तसा.

माझा जन्म कराडचा. भट्टीत लाल झालो, ऐरणीवर ठोके खाल्ले, आतून कल्हई लागली आणि मी दत्तात्रय नावाच्या तरुण माणसाच्या हाती आलो. ते कालव्यावर देखरेखीच्या नोकरीत होते. पुढे सगळे त्यांना अण्णा म्हणू लागले. अण्णांच्या घरची एक रीत होती. घरातलं कुणीही परगावी निघालं की मला बरोबर द्यायचं. जिथं जाल तिथल्या नदीचं पाणी भरून आणायचं आणि अंगणातल्या डाळिंबाच्या आळ्यात ओतायचं. अण्णांची आई जात्यावर म्हणायची,

"लांबच्या देशाची नदी गं, नाव तिचं ठावं न्हाई,
डाळिंबाच्या आळ्यामंदी, तिला म्हनू आपली बाई."

अशा किती बायका मी त्या घरी आणल्या! नर्मदा आणली, तुंगभद्रा आणली, गोदावरी तर अनेकदा. परतलो की अण्णा मला चिंचेनं घासून लख्ख करायचे आणि पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या घरात सगळ्यांत जास्त फिरलेला हाच."

अण्णांची लेक सुमेधा लग्न करून आयर्लंडला निघाली, तेव्हा त्यांनी मला तिच्या बॅगेत कपड्यांमध्ये गुंडाळून ठेवलं. "तिकडं नद्या असतीलच की," ते म्हणाले. "रिकामी येऊ नकोस."

नद्या होत्या. कराडला जशा कृष्णा-कोयना भेटतात, तशा नावनला बॉइन आणि ब्लॅकवॉटर भेटतात. पहिल्यांदा तो संगम पाहिला तेव्हा सुमेधा काठावर बराच वेळ उभी राहिली. मी दोनदा तिथलं पाणी कराडला नेलं. पुढे मात्र तिचं दवाखान्याच्या लॅबमधलं काम वाढलं, तिचा नवरा उपेंद्र त्याच्या सॉफ्टवेअरच्या कामात बुडाला, कराडच्या फेऱ्या लांबल्या. मला ओट्यावर उभं करून माझ्यात पळ्या आणि उलथणी ठेवू लागले. अंगावर हिरवट कळा चढली. मित्रांनो, भांड्याला रिकामं राहण्याचं दुःख नसतं; भलत्याच गोष्टींनी भरल्याचं असतं.

गेल्या वसंतात त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. दोघांनी दोनच दिवस का होईना, स्पेनला जायचं ठरवलं, ग्रानादा नावाच्या जुन्या शहरात. व्हिडिओ कॉलवर सुमेधानं अण्णांना सांगितलं, की त्या शहराची खूणच डाळिंब आहे. रस्त्यातल्या खांबांवरसुद्धा लोखंडी डाळिंबं बसवली आहेत.

अण्णा खोकत खोकत हसले. "मग तर पाणी आणायलाच पाहिजे. माझ्या झाडाच्या माहेरचं पाणी आहे ते. दिवाळीला येशील तेव्हा घेऊन ये. तांब्या आहे ना अजून?"

"आहे की," सुमेधा म्हणाली आणि तिनं माझ्यातली उलथणी हळूच काढून खाली ठेवली. त्या दिवशी ती मला चिंचेनं घासत बसली. किती वर्षांनी मला माझा रंग दिसला.

ग्रानादाची पहिली सकाळ मी विसरणार नाही. हॉटेलच्या खोलीत सुमेधा अंघोळीला गेली होती. उपेंद्रचा फोन वाजला. कराडहून सुमेधाचा धाकटा भाऊ बाळासाहेब बोलत होता.

"दाजी, ताई जवळ आहे का? नाही ना? मग ऐका. अण्णांना दवाखान्यात हलवलंय. छातीत पाणी झालंय."

उपेंद्र खाटेवर बसला. "मी तिला सांगतो."

"नका सांगू दाजी. किती वर्षांनी बाहेर पडलीय ती. तिथनं येऊन तरी काय करणार? अण्णा बोलतायत, चहा प्यालेत. आपल्यात प्रवासातल्या माणसाला असलं कळवत नाहीत."

उपेंद्रनं न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरं. घरी पोचलो की सांगतो."

न्हाणीघरातून सुमेधाचं गुणगुणणं ऐकू येत होतं. मित्रांनो, वाईट हेतूनं काहीच ठरलं नव्हतं. तिच्यावरच्या मायेपोटीच दोघांनी ते ठरवलं.

मग आम्ही शहर पाहिलं. टेकडीवरचा तांबूस राजवाडा पाहिला, दगडात विणलेल्या जाळ्या पाहिल्या. एका बागेत तर जिन्याच्या कठड्यातूनच पाणी वाहत होतं. सुमेधा त्या पाण्यात बोटं बुडवत एकेक पायरी उतरली. "अण्णांना दाखवायला पाहिजे हे," ती म्हणाली. "कालव्याचा माणूस, वेडा होईल बघून. अहो, व्हिडिओ काढा ना."

उपेंद्र व्हिडिओ काढू लागला.

"काय हो, दहाव्याला आल्यासारखा चेहरा केलाय? राजवाडा आवडला नाही वाटतं."

"पाय दुखतायत गं."

"म्हातारे झालात," ती हसून म्हणाली आणि त्याचा हात धरून चालू लागली. मी तिच्या खांद्यावरच्या पिशवीत होतो. तिचं पाऊल हलकं पडत होतं आणि त्याचं जड, हे मला आतून कळत होतं.

दुपार कलल्यावर आम्ही नदीवर आलो. ती नदी लहानशी, दोन्ही बाजूंनी दगडी भिंतींत कोंडलेली. उतरायला वाट नव्हती. सुमेधानं पुलावरून खाली वाकून पाहिलं, मग गळ्यातली ओढणी काढली आणि तिला उपेंद्रचा मफलर बांधला.

"अगं, लोक बघतायत," उपेंद्र म्हणाला.

"बघू देत. त्यांना विहीर माहीत नसेल."

तिनं माझं झाकण काढून खिशात टाकलं, ओढणीचं टोक माझ्या गळ्याला आवळलं आणि मला पुलावरून खाली सोडलं. दोन परक्या मुली आमचा फोटो काढू लागल्या. मी हेलकावे खात उतरलो. पाण्याला टेकतो न टेकतो तोच वर फोन वाजला.

"कुणाचा?" सुमेधानं विचारलं. तिचं सगळं लक्ष ओढणीकडे होतं.

"ऑफिसचा," उपेंद्र म्हणाला आणि त्यानं फोन बंद केला.

मी बुडबुड करत भरलो. पाणी बर्फासारखं गार होतं. वर आलो तेव्हा सुमेधा लहान मुलीसारखी हसत होती.

संध्याकाळी ती जरा पडली असताना उपेंद्र मला गॅलरीत घेऊन बसला. त्यानं बाळासाहेबला फोन लावला.

"दाजी," पलीकडून बाळासाहेब म्हणाला, "अण्णा गेले. मघाशी व्हिडिओ लावला होता तो त्यांनीच लावायला लावला. म्हणाले, ताईला तांब्या दाखवायला सांग. तुम्ही उचलला नाही. म्हटलं, कशात तरी असाल."

उपेंद्रनं गॅलरीचं दार ओढून घेतलं.

"आता घरी गेल्यावरच सांगा. आजची रात्र झोपू दे तिला."

फोन ठेवून उपेंद्रनं माझं झाकण धरलं आणि पिळलं. ते आधीच घट्ट होतं. तरी तो पिळत राहिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही विमानतळावर आलो. दोघांकडे फक्त पाठीवरच्या पिशव्या होत्या आणि हातातल्या सामानात एवढं पाणी नेऊ देत नाहीत, हे सुमेधाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. तपासणीच्या माणसानं मला उचलून हलवलं, आतलं पाणी डुचमळलेलं ऐकलं आणि कोपऱ्यातल्या पिंपाकडे बोट दाखवलं.

"राहू द्या हो," सुमेधा म्हणाली. "दिवाळीला बॉइनचं नेऊ. अण्णांना मी समजावीन."

पण उपेंद्रनं मला दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. "प्लीज," तो त्या माणसाला म्हणत होता, "धिस इज फॉर हर फादर. प्लीज." माणूस भला होता, त्यानं नुसती नकारार्थी मान हलवली. उपेंद्रचे खांदे गदगदू लागले. माझ्या झाकणावर कोमट थेंब पडले.

सुमेधा त्याच्याकडे पाहत राहिली. चेहऱ्यावरचं हसू विझत गेलं.

"अण्णांना काय झालंय?"

त्यानं मला आणखी घट्ट धरलं.

"आहेत का?"

त्यानं नकारार्थी मान हलवली.

मागची रांग थांबली होती. सुमेधानं मला त्याच्या हातातून घेतलं, झाकण उघडलं आणि स्वतःच मला पिंपात पालथं केलं. लोकांनी टाकलेल्या सरबतांवर आणि उष्ट्या बाटल्यांवर डाळिंबाच्या गावचं पाणी पडलं. त्याचा आवाज अजून माझ्या पोटात आहे.

विमानात ती ढगांकडे तोंड करून बसली. आयर्लंड जवळ आलं तेव्हा एवढंच म्हणाली, "पुलावर मी विचारलं होतं, कुणाचा."

"हो."

"त्यांचाच होता?"

"हो."

इथं, मित्रांनो, कुणी गेलं तर रेडिओवर सकाळीच नाव सांगतात, म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळावं. आम्ही पोचलो त्या दिवशी अण्णांचं कळताच शेजारची नोरा नावाची म्हातारी सँडविचचं ताट घेऊन आली. "सॉरी फॉर युअर ट्रबल," ती म्हणाली, कुणी गेलं की इथं सगळे म्हणतात तसं. मग सुमेधाचा हात हातात घेऊन तिनं विचारलं, शेवटी बोलणं झालं का त्यांच्याशी? सुमेधानं नकारार्थी मान हलवली. चहाचे कप घेऊन आलेला उपेंद्र दारातच थांबला.

सुमेधा एकटीच कराडला निघाली. उपेंद्रनं मला तिच्या बॅगेजवळ आणून ठेवलं.

"नको," ती म्हणाली. "अण्णांच्या घरी रिकामा तांब्या नेत नाहीत."

तो त्याच दिवशी संगमावर गेला, मला काठोकाठ भरून आणलं. तोवर तिची टॅक्सी गेली होती.

ती आता परतली आहे. दोघं एकमेकांशी नीट बोलतात. चहा ठेवलाय, पाऊस येतोय, असं. फोन वाजला की उपेंद्र तो लगेच स्पीकरवर लावतो. कधी मला हातात उचलून सुमेधा झाकणावर बोट फिरवते आणि आजीची ओवी पुटपुटते. "लांबच्या देशाची नदी गं," एवढं म्हणते. दुसरी ओळ तिच्या तोंडून येत नाही. माझ्यात अजून बॉइनचं तेच पाणी आहे. ते कुणी ओतलेलं नाही.

मित्रांनो, मला चिंचेनं घासा किंवा घासू नका, माझी काही तक्रार नाही. एवढंच मागतो. कुणी लांब गेलं असेल, हसत असेल, डोंगर-राजवाडे बघत असेल, आणि त्याच्या घरून बोलावणं आलं, तर ते त्याच्या कानावर घाला. त्याची सहल मोडेल, मोडू द्या. थेंबही न सांडता आत धरून ठेवणं हे काम माझ्यासारख्या पितळेचं आहे. तुम्हाला ते जमत नाही, आणि जमवूही नका.