वनाचा रोट

अभिमन आबांना वना कधीपासून खुपत होता असं विचाराल, तर ज्या दुपारी नातीनं त्यांना त्यांच्याच खाटेवरून सरकायला लावलं त्या दुपारपासून. तोवर धरणगावाजवळच्या त्या घरात ऋतिकाच्या मर्जीचे मक्तेदार एकटे आबा. अंगणवाडीतून आली की ती त्यांच्या खाटेवर चढायची, आज कोणी कोणाला ढकललं ते सांगायची आणि सांगता सांगता त्यांच्या दंडावर डोकं टेकून झोपायची. गावात आबांचं कोणी फारसं ऐकत नसे. घरात ऐकणारं एक माणूस आहे, एवढ्यावर त्यांचं भागत होतं.

"आबा, तिकडे सरका. वनाला जागा नाही."

वना ऋतिकालाच दिसायचा. पण नीट पाहिलं तर आबांनाही तो दिसायला लागला होता, आणि जरा जास्तच. अंगणवाडीच्या बातम्या आता वनाच्या कानात. केळ्याचा पहिला तुकडा वनाला. आबांच्या दंडावर वनाचं डोकं, ऋतिकाचं उशीवर. हिशेब सरळ होता, वनाकडे जमा झालं तेवढं आबांचं वजा.

"वनाला पोहता येतं," ती एकदा म्हणाली.

"मी बी पोहस," आबा ताठ बसले. "पूरमा गिरना पार करेल शे मी!"

"वनानं पण केलीय."

चुलीपुढून त्यांच्या पत्नी प्रमिलाबाई हसल्या. "जो नहीच शे, त्यानासंगे कसाले झगडतस?"

आबा ते विसरले नाहीत.

श्रावणातल्या रविवारी घरात कानबाई, खानदेशची देवी, बसली. पुरणपोळ्यांचा रोट, खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, सगळं झालं. पंगत बसली तशी ऋतिका म्हणाली, "वनाचं ताट?"

आबांना हवं ते आयतं समोर आलं. गळा साफ करून ते म्हणाले, "कानबाईना रोट भाऊबंदकीमाच खातस. बाहेरना मानूसले चालत नही. वना आपला कोन शे?"

नियम खरा होता. बिनतोड होता. आबा पहिल्यांदा वनाच्या जागेकडे बघून हसलेसुद्धा.

ऋतिकानं थोडा विचार केला आणि ती उठली. "वना बाहेर, तर मी पण बाहेर." आणि ओट्यावर जाऊन पाठ करून बसली.

तिच्या आईनं, दिपमालानं, दोनदा हाक मारली. प्रमिलाबाईंनी वाढायचं थांबवलं. "घरनं पोर रोट खात नही, तवलगून कोनी घास उचलाना नही." मग नवऱ्याकडे वळून, "भाऊबंदकी तुम्हीच काढी ना? आते निस्तरा."

पोळ्या निवत होत्या. देवीसमोर बसून आबांना कळलं, वनाला बाहेर काढायला गेलो आणि जिच्यासाठी काढायचं तीच बाहेर गेली. ते उठले, गुडघ्यावर हात ठेवत ओट्यावर बसले. ऋतिका सरकली नाही. आबांनी मधे जागा सोडली. त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं.

"वनाले भाऊबंद करी लेऊत," ते म्हणाले. "मना धाकला भाऊ."

ऋतिका वळली. "खरंच?"

"खरंच. पन," आबा पुढे झुकले, कारण फुकट काही सोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, "धाकला भाऊ मोठा भाऊले सरकाले लावत नही. आपली रीत शे."

ऋतिका बाजूच्या रिकाम्या जागेशी कुजबुजली. बराच वेळ. आबा कान देऊन बसले, ऐकू काही आलं नाही.

"बरं म्हणतो," ती म्हणाली. "वना, तू सरक. आबा मोठे आहेत."

आबा आत आले ते निवडणूक जिंकल्यासारखे. वनाचं ताट मांडलं गेलं. सगळे जेवले. वनाचं ताट मात्र भरलेलंच.

"रोट उरू देवाना नही," प्रमिलाबाई म्हणाल्या. आवाज गंभीर, डोळे मात्र हसरे.

ऋतिका पुन्हा कुजबुजली. "वना म्हणतो, त्याचं पोट भरलं. धाकट्याचं उरलेलं मोठ्या भावानं संपवायचं."

"हाई रीत कोनी काढी?"

"वनानं."

आबांनी पट्टा आधीच ढिला केला होता. ते नाही म्हणणार, तेवढ्यात ऋतिका मांडीवर येऊन बसली, तिनं वनाच्या ताटातली पोळी तोडून खिरीत बुडवली आणि आबांच्या तोंडाशी नेली.

"हा वनाचा घास आहे हं. तुमचा नाही."

"मनाच शे," आबा भरल्या तोंडानं म्हणाले, आणि पुढच्यासाठी तोंड उघडलं.