दुसरी आज्ञा

वर्गावर्गात बायबलातल्या दहा आज्ञा लावायचा ठराव आमच्या गावच्या शाळा-मंडळाने केला. पाट्या बॅप्टिस्ट चर्चने फुकट दिल्या. मी शाळेचा शिपाई, मी त्या ठोकल्या. बैठकीत सगळ्यात जोरात टाळ्या पिटल्या होत्या कॅथलिक चर्चच्या मिसेस गिद्रींनी.

महिन्याभरात त्या आपल्या मुलीची उत्तरपत्रिका नाचवत मुख्याध्यापकांकडे आल्या. "देवाचं नाव उगाच घेऊ नये, ही दुसरी आज्ञा. हे चूक कसं?"

"पाटीवर ती तिसरी आहे, बाई. तुमच्या चर्चमध्ये क्रम वेगळा असेल."

"म्हणजे आमचा चुकीचा? अहो, धर्म आम्ही घरी शिकवू. शाळेचा काय संबंध?"

मुख्याध्यापक मला म्हणाले, "शिडी आण."

शिडी दाराशीच होती. पाट्या ठोकल्यापासून मी ती कोठीत परत नेलीच नव्हती.