पार्वतीबाईची विळी कॅमेऱ्यासमोर

मित्रांनो, जरा अंतर राखून बसा. मी एक जुनी विळी असले तरी माझी धार अजून शाबूत आहे, आणि तिचा मला अभिमान आहे हे मी लपवणार नाही. दत्ताराम लोहाराने मला घडवलं, फणसाच्या पाटावर ठोकून बसवलं. तेव्हापासून अंधेरीच्या जुन्या मासळीबाजारात पार्वतीबाईच्या पायाखाली माझी जागा. "पार्वती, तुझे तुकडे असे एकसारखे कसे गं पडतात?" असं गिऱ्हाईक विचारी, तेव्हा कौतुक तिचं होई आणि फुगून मी बसे.

तीस वर्षं अशी गेली. मग बातमी आली, की बाजार पाडून नवा बांधणार आणि तोवर कोळणींनी लांबच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसायचं. पार्वतीबाईचा धीर सुटला. "तिकडं मला शोधत कोन येनार गो?" ती सुनेला, कल्पिताला म्हणाली.

कल्पिताने मोबाइल काढला. बाजार मोडायच्या आत मासे कापतानाचे व्हिडिओ दाखवून माणसं फोनवर जोडून ठेवायची, असं तिने ठरवलं. मदतीला पार्वतीबाईचा भाचा अल्पेश आला. तो पवईच्या एका ऑफिसात जाहिराती करतो. आल्या आल्या त्याने मला बाजूला सारलं. "आत्या, ही काळी विळी काय दाखवतेस? झकास सुरी आणलीय बघ."

चार दिवस मी ओल्या गोणपाटाखाली पडून होते. अंगावर गंज चढला. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

रविवारी सकाळी लाइव्ह ठरलं. नेमका त्या दिवशी ताजा माल आला नव्हता. होता तो बर्फातला परवाचा रावस. अल्पेशने त्यावर पाणी शिंपडून चमक आणली आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मुंबईतली सगळ्यात ताजी मासळी!' पण नवी सुरी पार्वतीबाईच्या हातात वळेना. वैतागून तिने मलाच ओढलं, पदराने पुसलं आणि पाटावर पाय ठेवला. मग कापण्याआधी कुठल्याही कोळणीचा हात करतो तेच तिच्या हाताने सवयीने केलं. अंगठ्याने तिने माशाचा कल्ला उचलला. आत लाल नव्हतं, फिकट विटकरी होतं, आणि शेकडो माणसं बघत होती.

"वाट लागली! झाक ना आत्या!" अल्पेश कुजबुजला.

पार्वतीबाई मासा कॅमेऱ्याजवळ धरून म्हणाली, "हे बगा. कल्ला असा फिका दिसला तर मासा ताजा नाय. माझा ह्यो परवाचा हाय. मसाला लावून तला, चालंल. पन आजाऱ्याला, बाळंतिणीला देऊ नका. ज्यांना ताजाच पायजे त्यांनी आज माझ्याकडनं घेऊ नका."

त्या दिवशी एकही ऑर्डर आली नाही. अल्पेश तणतणत निघून गेला. कल्पिता रिकाम्या फोनकडे बघत बसली. मला मात्र पार्वतीबाईचा इतका अभिमान वाटला, की गंजाचं दुःख मी विसरले.

दुसऱ्या दिवसापासून कल्पिताने तसेच व्हिडिओ सुरू केले. खवलं कशी काढायची, पाणी निघायला बोंबील किती वेळ दाबून ठेवायचे, आज काय घेऊ नये. विकायचं बोलणं शेवटी एका वाक्यात. अल्पेश आठवड्याने परत आला आणि त्याने गुपचूप 'सगळ्यात ताजी'ची ती मोठी अक्षरं पडद्यावरून काढून टाकली.

मित्रांनो, तुमच्या घरी विळी असेल तर काम झाल्यावर ती धुऊन कोरडी पुसा, तेलाचं बोट फिरवा. आणि पुढे कधी काही विकायला बसलात, तर मालाची खोटही आपल्याच तोंडाने सांगा. मी हे उगाच सांगत नाही. शेडमधली पहिली सकाळ मी पाहिली आहे.

पार्वतीबाई अगदी मागच्या कोपऱ्यात तोंड उतरवून बसली होती. दाराशी गलका झाला. घाटकोपरहून मेट्रोने आलेली माधुरी नावाची एक बाई पिशवी घेऊन उभी होती, तिच्यामागे आणखी पाच-सहा जणी. पुढच्या कोळणी हाका मारत होत्या, पण ती विचारत होती, "आज घेऊ नका म्हणणाऱ्या पार्वतीताई कुठे बसतात हो?"

पार्वतीबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. कल्पिता घाईघाईने मोबाइल लावायला लागली.

"त्यो मागनं लाव गो," पार्वतीबाई म्हणाली. "आधी इळी पूस. लोकं आलीत."